निप्पल वर की खाली?

आमच्या घरापासून खालच्या रस्त्यापर्यंत साठ-सत्तर पावलांचा उतार आहे. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी भरलं, बाजारपेठेतल्या गाड्या एकमेकींच्या टपावर चढल्या, तेव्हा आमची गाडी या चढावर कोरडी उभी होती. तेव्हापासून घरात या चढाचं फार कौतुक. दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत, तीच गाडी माझ्या हातचे नवेकोरे ब्रेक घेऊन त्याच उतारावरून खाली निघाली आणि शेजाऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जाऊन टेकली.

वेग चालत्या माणसाएवढा होता. बंपर फाटला, गडग्याचे दोन चिरे सरकले, माणसाला काही झालं नाही. पण पाय पेडलवर, पेडल थेट मॅटवर आणि गाडी तरीही चाललेली, हे दीड-दोन सेकंद मला अजून आठवतात. भराभर दोनदा पंप केल्यावर काहीतरी जरासं लागलं. हॅण्डब्रेक ओढला तोवर गडगा आलाच होता. हॅण्डब्रेक मागच्या चाकांना तारेने ओढतो, त्याचा ऑइलशी काही संबंध नसतो, म्हणून निदान तो तरी जागेवर होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे मी कित्येक वर्षं फळ्यावर ब्रेकचंच चित्र काढून सांगत आलोय. तेव्हा सुट्टीत ब्रेकचं काम घरी करायला घेणं मला अगदीच आवाक्यातलं वाटलं होतं.

त्याची सुरुवात एप्रिलमध्ये झाली. कराडहून कुंभार्ली घाट उतरत होतो. शेवटच्या वळणांवर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. शिरगावात चहाला थांबलो तर पुढच्या डाव्या चाकाला जळका वास येत होता. रिमला बोट लावलं तर चटका बसला. उजवं चाक कोमट. म्हणजे डावीकडचा ब्रेक लागत होता, पण सुटत नव्हता.

गाडी २००९ ची, लहान हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "मिरगापर्यंत जागा नाय सर. सगळ्यांना पावसाच्या तोंडावरच आठवतं." मी म्हटलं, राहू दे, मग घरीच करतो. "करा की," ते म्हणाले. त्यात कुचेष्टा नव्हती, पण मला ती ऐकू आली. पुढचे सगळे दिवस मी त्यांना फोन केला नाही, त्याचं कारण हेच.

बहादूरशेख नाक्यावरून पॅडचा सेट, दोन्ही कॅलिपरची (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडींची) रबर किट, तांब्याचे वॉशर आणि अर्ध्या लिटरची ब्रेक ऑइलची बाटली आणली. पंक्चरवाल्याकडून दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) मागून घेतल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी हात घालू नये, आणि आपल्याकडे सर्रास करतात तशी चिऱ्यावरही गाडी टेकवू नये. जांभा वरून धड दिसतो आणि एका क्षणी फुटतो. एवढी एक गोष्ट मी पहिल्यापासून नीट केली, हे आवर्जून सांगतोय, कारण बाकीचं पुढे यायचंय.

डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्याला टेकला होता, बाहेरचा निम्मा शिल्लक. पिस्टन आत ढकलायला गेलो तर हलेना. सरळ होतं: पिस्टन गंजून अडकला होता. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. कोकणात चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा, आणि गाडी घेतल्यापासून ऑइल बदलल्याचं मला तरी आठवत नव्हतं. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल कोऱ्या काळ्या चहासारखं झालं होतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हद्द १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात तापलेल्या डिस्कशेजारी ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं ते असं. म्हणजे कुंभार्लीत मी फक्त जळक्या वासावर सुटलो होतो.

दोन्ही कॅलिपर सोडवून बाहेर काढायचे ठरवले. खरं तर उजवा ठीक होता. पण एका बाजूला नवं रबर आणि दुसरीकडे जुनं, हे मनाला पटेना. पिस्टन बाहेर काढायला पंक्चरवाल्याच्या दुकानात गेलो, ऑइलच्या भोकातून हवा सोडली. समोर फळीचा तुकडा धरला होता. पिस्टन 'धाड्' आवाज करून असा सुटला की फळीला खळगा पडला. तिथे बोट असतं तर काय झालं असतं, हे दाखवायला पंक्चरवाल्याने स्वतःचं डावं तर्जनीचं नख दाखवलं.

पिस्टनवर नुसते डाग होते, खड्डे नव्हते. बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने पुसून ते गेले. खड्डे असते तर पिस्टन नवाच घ्यावा लागतो. आतल्या खाचेत बसणारं रबराचं कडं मला फार आवडलं. ते फक्त गळती थांबवत नाही. पेडल दाबलं की पिस्टनबरोबर जरासं मुरडतं आणि सोडलं की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग नाही. ते काम हे काळं रबर करतं. ते बसवताना ब्रेक ऑइलच लावायचं. कुणीतरी "थोडं इंजिन ऑइल चोळा, सरकेल मस्त" असा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर रबर फुगून आठवड्यात परत अडकलं असतं.

आता माझ्या मूर्खपणाचा भाग. कॅलिपर सोडवतानाच मी मार्करने त्यांच्यावर एकाला 'डा' आणि दुसऱ्याला 'उ' असं लिहून ठेवलं होतं. मग ते तारेच्या ब्रशने घासले, पेट्रोलने पुसले, आणि इतके चकचकीत झाले की वाटलं, रंगही देऊन टाकू. उष्णता सोसणारा काळा स्प्रे आणला. दोन हात दिले. पडवीत तार बांधून दोन्ही कॅलिपर वाळत टाकलेल्या बोंबलांसारखे लटकवले. बायको म्हणाली, "अहो, फार सुंदर दिसतायत." मीही दोन-तीनदा जाऊन बघून आलो. 'डा' आणि 'उ' रंगाखाली गेले, हे माझ्या लक्षातच आलं नाही. जे लक्षात आलं नाही त्याची काळजी कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवले. दोन्ही बोल्ट सुरळीत बसले, पॅड बसले, नवे वॉशर घालून होज पाइप जोडले. एकच गोष्ट खटकली. होज थोडा पिळल्यासारखा बसत होता. काढताना असा होता का? आठवेना. वाटलं, जुना रबरी पाइप आहे, रात्रभर लटकलाय, घेतला असेल वाक. या एका वाक्याने माझे तीन दिवस खाल्ले.

मग एअर काढणं, म्हणजे ऑइलच्या वाटेत शिरलेली हवा बाहेर काढणं. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी: कॅलिपरवर एक पोकळ स्क्रू असतो, गॅरेजमध्ये त्याला निप्पल म्हणतात. त्याला पारदर्शक नळी लावायची (मेडिकलमधून सलाईनची नळी आणली होती), नळीचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायचं, ऑइल आणि हवा बाहेर आली की निप्पल आवळायचं, आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. क्रम चुकला तर जेवढी हवा काढली तेवढीच परत आत. मास्टर सिलेंडरपासून (पेडलने चालणारा, ऑइल पुढे ढकलणारा मुख्य पंप) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं चाक आधी. काही गाड्यांच्या पुस्तिकेत क्रम वेगळा दिलेला असतो, तिथे तोच पाळावा.

पेडलवर बायको. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय हो." "सोड." असं तासभर. पेडलखाली मी फळीचा तुकडा ठेवला होता. जुन्या गाडीत पेडल रोज ठराविक अंतरापर्यंतच जातं, त्यापुढचा सिलेंडरचा भाग गंजलेला असू शकतो, आणि एअर काढताना पेडल तळाला नेलं की आतली रबरं त्या खरखरीत भागावर घासून फाटतात. हे मी वाचून ठेवलं होतं. वाचलेलं सगळं आठवत होतं, फक्त समोर दिसत होतं ते दिसत नव्हतं.

नळीतून काळं ऑइल आलं, मग चहाच्या रंगाचं, मग मधासारखं स्वच्छ. बुडबुडा एकही नाही. इंजिन बंद ठेवूनच पेडल दाबून पाहिलं. तीन-चार वेळा दाबल्यावर घट्ट लागलं. चाकं चढवली, हात धुतले, आणि गाडी सुरू करून उतारावर घेतली.

इथे मी फसलो ते असं. इंजिन बंद असताना तीन-चारदा पेडल मारलं की बुस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) व्हॅक्युम संपतो आणि पेडल आपोआप जड होतं. तो जडपणा मला ब्रेकचा घट्टपणा वाटला. इंजिन सुरू झालं, बुस्टरची मदत आली, पायाची तीच ताकद कितीतरी पट झाली आणि आत जे काही दबण्यासारखं होतं ते सगळं दबलं. पेडल खाली गेलं. शिवाय पहिली चाचणी उतारावर. सपाट अंगणात इंजिन सुरू ठेवून पेडल दाबायला दोन मिनिटं लागली असती.

गाडी दोरीने आणि चार माणसांनी परत वर घेतली. त्या चारांत शेजारचे आप्पा होते. आप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. गडगा त्यांचाच. चिरे परत रचताना ते म्हणाले, "मास्तर, गंमत बघा. आमच्या हवेच्या ब्रेकवाल्या एसटीला हवा कमी पडली की बोंब, आणि तुमच्या गाडीला हवा झाली की बोंब." मग गंभीर होऊन निदान सांगितलं: मास्टर सिलेंडर गेला. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी हेच सांगितलं. बाजारात तो मिळत होता, दोन हजाराच्या आत. मी पैसे काढूनही ठेवले होते.

पण मला एक सवय आहे, वर्गातली. उत्तर आधी सांगणाऱ्या मुलाला मी विचारतो, कशावरून? तेच स्वतःला विचारलं.

पहिलं, गळती. चारही चाकांखाली वर्तमानपत्र पसरलं, टाकीवर ऑइलच्या पातळीला रेघ मारली आणि झोपलो. सकाळी कागद कोरे, रेघ जागच्या जागी. होज जोडलेल्या ठिकाणी कोरड्या फडक्याने पुसलं, फडकं कोरडं. (फेंडरवर मात्र आदल्या दिवशी सांडलेल्या थेंबांनी रंग सुरकुतून उठला होता. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडल्या सांडल्या पाण्याने धुवायचं असतं.)

दुसरं, मास्टर सिलेंडर. त्याची रबरं गेली असली तर ऑइल पुढे जायच्या ऐवजी पिस्टनच्या कडेने मागे निसटतं. पेडल एकसारख्या जोराने दाबून धरलं तर ते हळूहळू बुडत जातं. इंजिन सुरू करून बायकोला पेडलवर पाय ठेवून मोजायला सांगितलं. तिने साठपर्यंत मोजलं. पेडल खूप खाली जाऊन थांबत होतं, पण थांबलं की तिथेच राहत होतं. बुडत नव्हतं. आणि तिने आणखी एक सांगितलं: "कापसाच्या गादीवर पाय ठेवल्यासारखं लागतंय. दाबलं तर जातं आणि खालून वर ढकलतं." हे वर ढकलणं महत्त्वाचं. गळक्या सिलेंडरमध्ये पाय बुडतो, हवेवर तो उसळतो. मास्टर सिलेंडरचे पैसे मी परत डब्यात ठेवले. आप्पांना ते पटलं नाही.

तिसरं, मागचे ड्रम. त्याची एक सोपी परीक्षा आहे. हॅण्डब्रेक पूर्ण ओढून पेडल दाबायचं. आधीपेक्षा वर लागलं तर मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ड्रमपासून फार लांब बसलेत. आमचं पेडल साधारण बोटभर वर आलं! मी इतका खूश झालो की दुपारी जेवायचंही विसरलो. ड्रम काढले, आतली धूळ ओल्या फडक्याने पुसली (फुंकर मारू नये, जुन्या लायनरची धूळ छातीत जाते), ॲडजस्टर फिरवून शू इतके बाहेर आणले की चाक फिरवताना हलकंसं घासल्याचा आवाज यावा. खरोखर फरक पडला. पेडल बोटभर सुधारलं. आणि त्याच बोटाने मला दीड दिवस फिरवलं, कारण मी मागेच शोधत राहिलो. एक खरा दोष सापडला की दुसरा असूच शकत नाही असं वाटायला लागतं.

तिसऱ्या दिवशी ऑइलची तिसरी बाटली संपली. चारही चाकांची परत परत एअर काढली. बुडबुडा नाही म्हणजे नाहीच. बायकोची शाळा-कार्यालयातली मैत्रीण आली होती, ती म्हणाली, "ही सकाळपासून गाडीत बसलीये, कुठे जाणार आहात?" त्यावर घरात जे हसू झालं त्यात मी नव्हतो.

शेवटी पाइप दाबून बघायचं ठरवलं. ब्रेकचे लोखंडी पाइप चाकांजवळ येऊन रबरी होजला मिळतात. तो होज बाहेरून दाबून बंद केला की ते चाक हिशोबातून बाहेर जातं. पकडीचे दात रबराला लागू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले आणि बेताने आवळलं. फार जुने, चिरा पडलेले होज असतील तर हे करू नये, आतून फाटतात. आमचे चांगले होते.

चारही होज बंद. पेडल दाबलं. दगड! वर, टणक, जरासुद्धा उसळी नाही. म्हणजे मास्टर सिलेंडर, बुस्टर, लोखंडी पाइप, सगळं निर्दोष. मागचे दोन मोकळे केले, पेडल केसभर उतरलं. पुढचा उजवा मोकळा केला, पेडल चांगलं चार बोटं खाली आलं. उजवा परत बंद करून डावा सोडला, तेवढंच खाली. दोन्ही सोडले, तर मॅट.

मी खाली फरशीवर बसून राहिलो. पुढची दोन्ही चाकं, दोन्हीकडे अगदी सारखी खराबी. एक रबर उलटं बसलं असतं तर एकीकडे झालं असतं. एक वॉशर खराब निघाला असता तर एकीकडे. दोन्हीकडे एकच दोष, याचा अर्थ तो सुट्या भागात नाही, बसवणाऱ्या हातात आहे. इथपर्यंत मी पोचलो. याच्या पुढे डोकं चालेना. मान खाली घालून मिस्त्रींना फोन लावला.

मागे हातोड्याचे आवाज चालू होते. मी सगळं सांगायला सुरुवात केली, गळती, हॅण्डब्रेक, होज बंद केले ते. त्यांनी मधेच तोडलं.

"सर, कॅलिपर पुरा उतरवलेला काय?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"निप्पल कुठं हाय? वर का खाली?"

मी बॅटरी घेऊन चाकाच्या आत वाकलो. होज वरच्या अंगाला जोडलेला, आणि निप्पल त्याच्या खाली. तीन दिवस मी त्याला नळी लावत होतो आणि नळी खालून वर वळवून घ्यावी लागतेय, हे माझे हात मला सांगत होते.

"खाली," मी म्हटलं.

"मग डावा उजव्याला बसवलाय तुम्ही." एवढं बोलून ते दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला गेले.

प्रत्येक विज्ञानाच्या मास्तराला माहीत असतं की पाण्यातला बुडबुडा वर जातो. सहावीतल्या पोराला माहीत असतं. कॅलिपरच्या पोकळीत पिस्टनच्या मागे हवा असली तर ती पोकळीच्या माथ्यावर जाऊन बसणार, म्हणूनच निप्पल माथ्यावर ठेवलेलं असतं. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की तोच कॅलिपर उलटा होतो आणि निप्पल तळाला जातं. मग वरच्या भोकातून आलेलं स्वच्छ ऑइल खालच्या निप्पलमधून बाहेर पडतं आणि माथ्यावरचा बुडबुडा आपला जागच्या जागी बसून राहतो. बाटलीत बुडबुडे दिसत नव्हते ते हवा संपली म्हणून नव्हे. हवेला दारच नव्हतं. आणि एका दाबात मास्टर सिलेंडर जेवढं ऑइल पुढे ढकलतो ते मुळात थोडंसं. दोन्ही कॅलिपरमधल्या बुडबुड्यांनीच ते सगळं गिळलं की पॅडपर्यंत काय पोचणार?

मिस्त्रींनी नंतर एक तोडगाही सांगितला. घाईत असलं तर कॅलिपर बोल्टवरून सोडवून हातात घ्यायचा, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची फळी घालायची (नाहीतर पिस्टन बाहेर येईल), निप्पल आकाशाकडे करून एअर काढायची आणि परत बसवायचा. ब्रेक लागतील. पण माझ्या गाडीत होज पिळला होता. प्रत्येक वळणाला तो आणखी पिळला गेला असता आणि एक दिवस चाकाला घासून फाटला असता. तेव्हा दोन्ही उतरवून जागच्या जागी बसवणं हाच मार्ग.

वॉशर परत नवे घेतले. वापरलेला तांब्याचा वॉशर एकदा चेपला की दुसऱ्यांदा नीट बसेलच असं नाही. या वेळी होज सरळ, आपोआप, कुठेही न ओढता बसला. आता दिसायला लागलं की तो असाच होता. निप्पल माथ्यावर. बायको परत पेडलवर. उजव्या चाकाचं निप्पल सैल केलं मात्र, नळीतून 'फस्स' करून हवा आली, मग फेस, मग मोठमोठे बुडबुडे, मग लहान. बायको आतून ओरडली, "अहो, वर येतंय!" डाव्या चाकानंतर पेडल इतकं वर लागलं की तिला पाय ठेवायची सवय बदलावी लागली.

मग इंजिन सुरू करून. पेडल दाबून धरलं असताना इंजिन सुरू केलं की ते जरासं खाली जातं. बुस्टर काम करत असल्याची ती खूण, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जरासं गेलं आणि थांबलं. साठ मोजले. हललं नाही. अंगणात चार पावलं पुढे, चार मागे, दर वेळी ब्रेक. मग आप्पांना शेजारी बसवून, त्यांचा हात हॅण्डब्रेकवर ठेवून, उतार. अर्ध्या उतारावर गाडी उभी केली. उभी राहिली. आप्पा म्हणाले, "बरं झालं, मी गडग्याला सिमेंट लावणार होतो."

नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. त्यांना आणि डिस्कला एकमेकांची ओळख व्हावी लागते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासपर्यंत नेऊन दहापर्यंत हळू आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मधे थोडं चालवून गार होऊ द्यायची, असं आठ-दहा वेळा केलं. गाडी सरळ थांबत होती. उतरून दोन्ही रिमना हात लावले. दोन्ही सारखे गरम.

पाऊस सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मिस्त्रींकडे जागा झाली. मी होऊनच गाडी नेली. घरी केलेल्या ब्रेकवर दुसऱ्याची नजर फिरल्याशिवाय घाटात जायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी चारही चाकं काढली. बोल्ट पान्याने तपासले, होज हाताने चाचपले, पेडलवर बराच वेळ पाय ठेवून उभे राहिले. मागचा उजवा शू आणखी दोन दात बाहेर घेतला. बाकी काही बोलले नाहीत. शेवटी पुढच्या कॅलिपरवर बॅटरी मारली. त्यांच्यावर आता मी पांढऱ्या ऑइलपेंटने, रंगाच्या वरून, ठळक 'डा' आणि 'उ' काढले होते.

मिस्त्रींनी ते वाचलं, पोराला बोलावून दाखवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "रंग बाकी झकास लावलाय, सर."

दोनशे रुपये घेतले.